आत्याचा वाढता मुक्काम

रविवारच्या जेवणाचं आमंत्रण वैशालीने परस्पर देऊन टाकलं, तेव्हा हे घर आता आपलं नाही, भावाचं आणि वहिनीचं आहे, हे ती सपशेल विसरली होती. बुधवारी जेवताना तिने जाहीर केलं, की मेघालीच्या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल रविवारपर्यंत लागतोय, आपलं परतीचं विमान बारा दिवसांवर आलंय, तर दोन्हींचं मिळून घरच्यांचं एक जेवण होऊन जाऊ दे. थोरल्या भावाने, दौलतने, मान हलवली. सुकन्यावहिनी भाकरीचं टोपलं आवरू लागली. मेघालीने पाण्याचा तांब्या उचलला आणि भरायला म्हणून आत गेली. तांब्या भरलेलाच होता, पण अशा बारीक गोष्टींकडे लक्ष द्यायची वैशालीला त्या दिवसांत फुरसत नव्हती. ती भाचीचं आयुष्य मार्गी लावत होती.

आईच्या वर्षश्राद्धाला म्हणून ती ऑक्टोबरात लिमरिकहून भिवंडीजवळच्या वळ गावी आली होती, पाच आठवड्यांच्या रजेवर. आता फेब्रुवारी लागला होता. रजा वाढवताना आयर्लंडमधल्या हॉस्पिटलला तिने कळवलं, की घरच्यांना माझी गरज आहे. घरच्यांना सांगितलं, की हॉस्पिटलवालेच म्हणताहेत, सिस्टर, एवढी वर्षं राबलात, राहा निवांत. दोन्ही बाजूंना पटलं. खरं कारण तिसरंच होतं, आणि ते तिने अजून स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

बरं, नुसती राहिली असती तरी चाललं असतं. पण अठरा वर्षं परक्या देशात वॉर्ड सांभाळलेली बाई गप्प बसत नाही. पहिल्या महिन्यात तिने वहिनीच्या मसाल्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, कधी उघडला, कधी संपवायचा. दुसऱ्या महिन्यात दौलतच्या ताटातलं मीठ काढलं. तिसऱ्या महिन्यात ती भिवंडीच्या धामणकर नाक्यावर शेअर रिक्षाच्या गर्दीत उभी राहून लोकांना रांग लावू लागली. रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "मॅडम, आप पहले बैठ जाओ. लाइन हम पीछे बना लेंगे." ती बसली. रिक्षा सुटली, आणि मागे वळून बघितलं तर रांगेचा पत्ता नव्हता. तरी घरी येऊन तिने सांगितलं, की लोक ऐकतात, कुणीतरी सांगायला पाहिजे.

"आमच्याकडे असं नसतं," हे तिचं पालुपद होतं. गंमत म्हणजे लिमरिकलाही ती हेच म्हणायची. तिथे "आमच्याकडे" म्हणजे वळ, इथे "आमच्याकडे" म्हणजे लिमरिक. दोन्हीकडची माणसं ऐकून घ्यायची.

मेघालीचं प्रकरण मात्र तिच्या मते सगळ्यांत मोलाचं होतं. दौलतची ही मुलगी चोवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, आणि जवळच्या वडप्याच्या एका गोडाउनमध्ये डिस्पॅचला होती. सकाळी सातला कंपनीची बस धरायची, दिवसभर खोक्यांवरचे कोड स्कॅन करायचे, संध्याकाळी दमून यायचं. वैशालीला बघवेना. एवढी हुशार पोर आणि खोकी मोजते? तिने लिमरिकच्या एका कॉलेजचा कोर्स शोधला, फॉर्म भरला, पासपोर्ट काढवला, इंग्रजीचा क्लास लावला. फॉर्मवर ईमेलही स्वतःचाच टाकला, कारण पोरं मेल बघत नाहीत. या सगळ्यात मेघाली "हो आत्या" म्हणत राहिली. "हो आत्या" याचा अर्थ होकार असतो, असं वैशालीने धरून चालायला काहीच हरकत नव्हती. वॉर्डात तिला असेच होकार मिळत आले होते.

परीक्षेच्या दिवशी तिने स्वतः मेघालीला ठाण्याला नेलं, सेंटरच्या दारात सोडलं, समोरच्या हॉटेलात बसून साडेतीन तासांत सहा चहा प्यायले. पोरगी बाहेर आली ती गाल लाल, डोळे चमकताहेत.

"कसा गेला?"

"चांगला झाला, आत्या. मला वाटतं, होईल काम."

वैशालीने तिथेच लिमरिकच्या मैत्रिणीला फोन करून सांगितलं, की सप्टेंबरात भाची येतेय, माझी मागची खोली रिकामी करायची आहे.

रविवारी साडेबारालाच तुळशीरामकाका आले. वैशालीच्या वडिलांचे धाकटे भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर, त्या पिढीतले राहिलेले एकटेच. हातात चिंबोऱ्यांची पिशवी, पिशवीतून नांग्यांची खुडबुड. त्यांच्यामागून त्यांचा मुलगा केसरीनाथ आला. यंदा ग्रामपंचायतीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं, म्हणून गावात कुणाच्या बारशापासून कुणाच्या नव्या ट्रकपर्यंत प्रत्येक गोष्टीला तो शुभेच्छुक असायचा. त्याच्या खांद्यावर लांबलचक गुंडाळी होती.

"वैशूताई, सरप्राइज," असं म्हणून त्याने पडवीत ती गुंडाळी उलगडली.

बारा फुटी फ्लेक्स. 'वळ गावची कन्या कु. मेघाली हिची परदेशात उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' एका कोपऱ्यात मेघालीचा आधारकार्डावरचा फोटो, बटाट्याएवढा. मधोमध, कमरेपर्यंत, नमस्कार करणारा केसरीनाथ. आणि उजव्या बाजूला, ढगांवर, विमानाशेजारी, वैशाली. खाली 'प्रेरणास्थान'.

"अरे, अजून निकाल लागायचाय," वैशाली म्हणाली. पण ते म्हणताना तिची नजर त्या ढगांवरून हलेना. फोटो बरा आला होता.

"लागलाच म्हणून समज. हायवेला कमानीवर लावतो संध्याकाळी."

मेघाली दारात उभी राहून वाचत होती. तिने एकदा आईकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "पानं घेतेय. बसा सगळे." आवाज जरा चढा होता, पण स्वयंपाकघरातून बोलताना तो चढतोच, असं वैशालीला वाटलं.

पुरुषांची पंगत बसली, आणि वैशालीही बसली. पाहुणी म्हणून पहिल्या दिवशी बसवलं होतं, तेव्हापासून ती पुरुषांच्याच पंगतीला बसत होती. काकांनी मटणाच्या रश्शात भाकरी बुडवली, घास तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा पडला.

"सुकन्या, ह्यो काय आजारी मानसाचा रस्सा मना दिलास? त्या दुसऱ्या टोपातला दे ना."

"काका, तोच आहे हो..." वहिनी घाईने म्हणाली.

"तोच कसा? मी आत बगलाय. दोन टोप हायती. एक लालभडक हाय नि ह्यो फिका."

"दुसरा टोप कसला?" वैशालीने विचारलं.

केसरीनाथ हाड चोखू लागला. दौलतने पाणी प्यायलं. शेवटी काकाच म्हणाले, कारण त्यांना कुणी काही शिकवून ठेवलेलं नव्हतं, "अगं, तुझा वेगला असतो ना. उकललेल्या पान्याचा, बिनतिखटाचा. चार महिने चाललाय. मना वाटला तुला म्हायती हाय."

तिला माहीत नव्हतं. उलट चार महिने ती सगळ्यांना सांगत होती, की बघा, एवढी वर्षं बाहेर राहूनही माझं पोट गावचंच आहे, घरचं तिखट आठवडाभरातच पचायला लागलं. लिमरिकच्या मैत्रिणींना तिने तांबड्या रश्शाचे फोटोही पाठवले होते. तो रंग कसला होता कोण जाणे. बीटचा असेल.

"पहिल्या आठवड्यात तुम्हाला त्रास झाला होता ना, ताई," वहिनी खालच्या आवाजात म्हणाली. "म्हटलं, उगाच कशाला..."

त्याच वेळी वैशालीच्या फोनवर मेल आल्याचा आवाज झाला. देवच धावला, असं तिला वाटलं. टोपाचा विषय बदलायला याहून चांगलं काय? ती उजवा हात ताटात तसाच ठेवून डाव्या हाताने फोन घेत उभी राहिली.

"आला निकाल! गप्प बसा सगळे. मेघाली, इकडे ये." आणि आधी मनात वाचून बघायचं सोडून तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. परदेशात राहून आलेल्या इंग्रजीत, थांबत, सगळ्यांना समजावं म्हणून प्रत्येक वाक्यानंतर मराठी करत. "प्रिय उमेदवार. आपण अमुक तारखेच्या परीक्षेसाठी नाव नोंदवलं होतं. आमच्या नोंदीनुसार आपण..."

ती थांबली.

"पुढं वाच," दौलत म्हणाला.

"किती मार्क?" केसरीनाथने विचारलं. "मार्क बॅनरवर टाकता येतील, जागा हाय."

"आपण परीक्षेला गैरहजर होता," वैशालीने वाचलं. मग तेच इंग्रजीत एकदा वाचलं. "अ‍ॅबसेंट."

"कोन अपसेट हाय?" काकांनी विचारलं.

"कायतरी चूक झालीय त्यांची," वैशाली म्हणाली. "मी स्वतः दारात सोडलं तिला. मी आताच फोन करते. आमच्याकडे असं झालं असतं ना..."

"चूक नाही, आत्या," मेघाली म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात मागे. "मी नाही बसले पेपरला. वर गेले, दुसऱ्या जिन्याने खाली उतरले आणि वागळे इस्टेटला गेले. तिथे आमच्या कंपनीचं ऑफिस आहे. माझा इंटरव्ह्यू होता, शिफ्ट इनचार्जचा. झाल्यावर परत सेंटरला आले."

"पण तू म्हणालीस, चांगला झाला!"

"चांगलाच झाला. परवा लेटर आलं. चाळीस माणसं माझ्या हाताखाली. उद्या हो की नाही सांगायचंय."

वैशाली खाली बसली. साडेतीन तास, सहा चहा. हॉटेलच्या त्या पोऱ्याला तिने सांगितलं होतं, की माझी मुलगी परीक्षा देतेय. भाची म्हणायचं सोडून मुलगी म्हणाली होती, एवढी ती हरखली होती.

दौलतचा आवाज चढला तो तिच्या वतीने. "आत्याला फसवलंस तू? ती बिचारी तीन महिने तुझ्यामागं धावतेय. उन्हातान्हात पासपोर्ट ऑफिसला खेपा मारतेय. लाज न्हाय वाटत?"

"मी नाही सांगितलं तिला पासपोर्ट काढ म्हणून."

"नाय पन बोलली नाहीस ना!"

"मी कशी बोलणार? तुम्हीच म्हणालात ना बाबा, आत्या चार दिवसांची आहे, तिला नाही म्हणू नको, गेली की सगळं आपोआप थंड होईल!"

हे बोलून झाल्यावर तिने जीभ चावली, पण बोलणं बाहेर पडलं होतं. दौलतने बहिणीकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. तो लहानपणापासून असाच. चोरी पकडली गेली, की ताटातले भाताचे दाणे मोजायला लागायचा.

"म्हणजे तुलाही माहीत होतं, दादा?"

"इंटरव्ह्यूचं न्हाय माहीत. ते मला आता कळतंय. फक्त... तिला जायचं न्हाय, येवढं माहीत होतं."

"आणि वहिनी, तुम्हाला?"

"मला सगळं माहीत होतं," वहिनी म्हणाली. पहिल्यांदाच ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभी होती. "इंटरव्ह्यूला तिला मीच पाठवलं. साडी नको, कुर्ता घाल, हेही मीच सांगितलं."

काकांनी विचारलं, "मंग ह्या वैशेला काईच म्हायती नव्हता व्हय?" आणि तेवढ्यावर त्यांना हसू आलं. केसरीनाथ मात्र गंभीर होता. त्यालाही माहीत नव्हतं, आणि त्याने बारा फूट छापून आणले होते. "आता ह्या बॅनरचं काय करू?"

"उलटा कर नि पापड वालत घाल," काका म्हणाले.

वैशालीला हसता आलं नाही. तिला राग आला होता, आणि रागात माणूस जे करतो तेच तिने केलं. खरं तर त्याहूनही वाईट. दौलत म्हणत होता, "लेटर आलं म्हणून काय झालं? इनचार्ज म्हंजे सेकंड शिफ्ट. रातीचे अकरा वाजतात सुटायला. ते मला न्हाय चालनार. पोरीच्या जातीला रातीची ड्युटी..." आणि वैशाली, जिने आपली निम्मी हयात रात्रपाळीत काढली होती, ताठ मानेने म्हणाली, "दादा म्हणतो ते बरोबर आहे. हायवेवरचं गोडाउन, ट्रकवाल्यांची ये-जा. मी तरी नाही पाठवणार."

मेघाली तिच्याकडे बघतच राहिली. मग मागच्या दाराने निघून गेली. वहिनीने दोन ताटं उचलली, त्यात वैशालीचं अर्धवट जेवलेलंही होतं.

थोड्या वेळाने वैशाली हात धुवायला म्हणून मागे गेली. वहिनी भांडी घासायच्या कट्ट्यावर बसली होती. तिच्यासमोर ते दोन टोप होते.

"मी बोलू का, ताई?" वहिनी म्हणाली. "राग मानू नका. तुम्ही डब्यांवर चिठ्ठ्या लावल्यात, मी काही बोलले नाही. ह्यांचं मीठ काढलंत, बरंच झालं. तुमच्या आईंची खोली तुम्हाला दिली, पोरगी हॉलमध्ये झोपतेय, तेही काही नाही. पण आत्ता तुम्ही जे बोललात ना, ते तुम्हाला शोभलं नाही."

हॉलमध्ये मेघाली झोपते हे वैशालीला दिसत होतं. पण ती आधी त्या खोलीत झोपायची, हे आजवर तिच्या डोक्यात आलं नव्हतं. चार महिने ती रोज सकाळी त्या पोरीला हॉलमधल्या गादीवरून उठवून सांगायची, की झोप पूर्ण व्हायला अंधारी, शांत खोली लागते.

"कुठे गेली ती?"

"विहिरीकडे असेल."

विहीर आता नावालाच होती. भोवतालच्या भातशेतांच्या जागी निळ्या पत्र्याची गोडाउनं उभी राहिली होती, आणि मधोमध जाळी टाकलेली ही विहीर तेवढी शिल्लक होती. मेघाली कठड्यावर बसली होती. वैशाली शेजारी बसली. काय बोलायचं ते तिने येताना ठरवलं होतं, त्यात "तुझ्या भल्यासाठी" हे शब्द दोनदा येत होते. ती काही बोलायच्या आत मेघालीनेच विचारलं.

"आत्या, खरं सांगशील? तिकडचा कोर्स माझ्यासाठी होता का?"

"मग कुणासाठी?"

"तू मला कधी कोर्सबद्दल सांगितलंसच नाही. कॉलेज कसं आहे, काय शिकवतात, काही नाही. तू सांगायचीस, शनिवारी आपण बाजारात जाऊ. रविवारी आपण नदीकाठी फिरू. मागच्या खोलीतून चर्च दिसतं. मी ड्युटीवरून आले की तू चहा टाकशील." ती थांबली. "तुला सोबत पाहिजे ना?"

नाही, असं म्हणायला वैशालीने तोंड उघडलं. मग मिटलं. तिला आठवलं, लिमरिकच्या घरात ती कामावरून आल्यावर रेडिओ लावायची, कुणीतरी बोलत असावं म्हणून. आई गेल्याचा फोन आला तेव्हाही तो चालू होता. कसल्या तरी घोड्यांच्या शर्यतीची बातमी. तो बंद करायला घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि तिला उठवेना. आई असताना रोज संध्याकाळी फोन असायचा. मग तोही राहिला नाही.

"पाहिजे," ती म्हणाली. आणि तिला एवढं विचित्र वाटलं, की ती पुढे उगाचच म्हणाली, "पण कोर्सही चांगला होता."

मेघाली हसली. डोळे पुसत हसली. "आत्या, तू पण ना!"

"तुला खरंच आवडतं ते गोडाउन?"

"खूप. दिवसाला अकरा हजार पार्सलं जातात. कुठला माल कुठे अडकला, मला न बघता सांगता येतं. पहिल्यांदा कशात तरी मी हुशार आहे असं वाटतं. आणि मी घरी येते, आत्या. रोज घरी येते."

दोघी आत आल्या तेव्हा पुरुष पडवीत सुपारी कातरत बसले होते. केसरीनाथने फ्लेक्स पुन्हा गुंडाळला होता. वैशाली दौलतसमोर जाऊन बसली.

"दादा, मघाशी मी जे बोलले ते रागाने बोलले. ते धरू नको. मला एक सांग, मी एकोणीस वर्षांची असताना भिवंडीच्या त्या छोट्या हॉस्पिटलात लागले, तेव्हा मला कोणती ड्युटी होती?"

दौलतने सुपारीचा तुकडा तोंडात टाकला.

"रातीची," काका म्हणाले. "मना ठावं हाय. तुझा बापूस आठ दिस जेवला न्हवता."

"आणि आईने काय केलं?"

आता दौलतला बोलावं लागलं. "आई तुला नाक्यापर्यंत सोडाला जायची. नि सकाली सहाला आनाला."

"दोन वर्षं. गावातल्या बाया बोलायच्या, तुळजाबाय पोरीला कुठं नेते रोज अंधाराची? तर ती त्यांना म्हणायची, कामाला सोडाला चाललेय, तुम्हीपन चला. तिने मला कधी सांगितलं नाही, नर्सच हो म्हणून. लिमरिकच्या आधी मस्कतची नोकरी आली, तेव्हा जा म्हणाली नाही, जाऊ नको म्हणाली नाही. मी कुठे चाललेय, ते बघितलं आणि तेवढं माझ्याबरोबर चालली. मला वाटत होतं, मी मेघालीसाठी आईसारखं करतेय. मी तर तिचा पासपोर्टच काढून बसले."

केसरीनाथचा सुपारी कातरणारा अडकित्ता थांबला.

"तिथं बस हाय का रातीची?" दौलतने शेवटी विचारलं. मेघालीला नाही, आढ्याला.

"आहे, बाबा. दारापर्यंत सोडते."

"दारापर्यंत कशी येईल? गल्लीत बस न्हाय शिरत."

"मग नाक्यापर्यंत."

"मंग नाक्यापर्यंत मी येईन," दौलत म्हणाला. आणि एवढं बोलल्यावर फार मोठं काहीतरी देऊन टाकल्यासारखा तो उठला आणि म्हणाला, "सुकन्या, कोनाला चहा हाय का न्हाय?"

"आज तुम्ही टाका," वहिनी आतून म्हणाली.

त्या संध्याकाळी वैशालीने आईच्या खोलीतून आपल्या तीन बॅगा हॉलमध्ये आणल्या. मेघालीने पुष्कळ विरोध केला, वहिनीनेही केला, पण दोघींचाही जोर पहिल्याइतका नव्हता. रात्री जेवताना वैशालीने लाल टोपातला रस्सा मागून घेतला. तिसऱ्या घासाला तिच्या कानांतून धूर निघाला आणि दुसरा दिवस बराचसा मोरीत गेला. तरी मंगळवारी तिने वहिनीला विचारलं, की दोन्ही टोपांच्या मधलं काही करता येईल का? वहिनी म्हणाली, "येईल की. तुम्ही विचारलं असतं, तर पहिल्याच आठवड्यात केलं असतं."

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी दोनला मेघालीची पहिली सेकंड शिफ्ट होती. ती कामावर पोचल्यावर वैशालीने फोन करून विचारलं, "मी येऊ का बघायला?" विचारायची तिला सवय नव्हती, त्यामुळे प्रश्न जरा हुकमासारखाच गेला. मेघाली म्हणाली, "ये, पण दहा मिनिटंच. मला काम आहे."

वडप्याच्या गेटवर वॉचमनने नाव, गाव, मोबाइल लिहून घेतलं. "किससे मिलना है?"

"मेघाली मॅडमसे," वैशाली म्हणाली. "मैं उसकी बुआ हूं."

तो ताडकन उभा राहिला. "इनचार्ज मॅडम? आइए, आइए." लिमरिकला अठरा वर्षांत तिच्यासाठी असं कुणी उभं राहिलं नव्हतं.

आत विमानतळाएवढं छत होतं. माणसं पळत होती, सरकत्या पट्ट्यावरून खोकी जात होती, कुठेतरी हॉर्न वाजत होता. आणि मधोमध मेघाली. केशरी जाकीट, डोक्यावर हेल्मेट, हातात वॉकीटॉकी. "सलीमभाई, नागपूरवाला चार नंबर पे लगाओ. नहीं, चार पे! तुळजापूरचं खोकं इकडे कसं आलं? हेमाली, बघ गं." तिच्या आवाजात घरातली ती "हो आत्या" कुठेच नव्हती. कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर तीच चमक, जी वैशालीने ठाण्याला सेंटरच्या बाहेर बघितली होती आणि चुकीच्या पेपरच्या नावावर मांडली होती.

डाव्या हाताला खोक्यांची एक थप्पी जरा कलली होती. वजनदार खोकी वर, हलकी खाली. वॉर्डात सामान असं रचलेलं तिने कधी खपवून घेतलं नव्हतं. ती दोन पावलं पुढे झाली, आणि बोट वर करून "अगं, आमच्याकडे ना..." असं म्हणणार, तेवढ्यात मेघालीने वळूनही न बघता हात आडवा केला.

"आत्या, पिवळ्या रेषेच्या आत. फोर्कलिफ्ट येतेय."

फोर्कलिफ्ट आली. चालवणाऱ्याने ती कललेली थप्पी उचलली, मेघालीने त्याला दोन शब्दांत काही सांगितलं, आणि थप्पी सरळ होऊन पुढे गेली. वैशालीने खाली पाहिलं. एका पायाची बोटं रेषेच्या बाहेर राहिली होती. तिने ती आत घेतली आणि पर्स पोटाशी धरून उभी राहिली.